‘टेलिकेअर नाही, बटण आहे’ : एका अलार्मचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, टेलिकेअर विभागात मी काम करते. घरात पडल्यावर किंवा अडचणीत बटण दाबून मदत मागायची सोय, तिला टेलिकेअर म्हणतात. हे प्रकरण आमच्याच यादीतल्या एका घरातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरातल्या आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, त्यांना इथे नुसतं ‘बाई’ म्हणते.

घर दगडी भिंतींचं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. नवरा गेल्यापासून बाई एकट्याच राहतात, मुलगी दोन तासांवरच्या शहरात असते. सहा वर्षांपूर्वी पडून त्यांचा खुबा मोडला. इस्पितळातून घरी सोडताना कौन्सिलने गरज तपासून त्यांना अलार्म बसवून दिला : फोनच्या लाइनला जोडलेलं एक खोकं आणि गळ्यात घालायचं बटण. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर अ‍ॅक्टखालच्या नियमांनुसार हजार पौंडांपर्यंतचं साहाय्यक साहित्य पात्र माणसाला मोफत द्यावं लागतं. देखरेखीचे पैसे मात्र प्रत्येक कौन्सिल आपापल्या धोरणाप्रमाणे घेते किंवा सोडते. बाईंचे तेही आम्हीच भरत होतो.

म्हणजे खोकं कौन्सिलचं, बटण दाबल्यावर फोन उचलणारं केंद्र कंत्राटावर काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेचं, आणि या दोघांना जोडणारी टेलिफोनची लाइन बाईंची स्वतःची, त्यांच्या आवडीच्या कंपनीची. सहा वर्षं याने काही बिघडलं नाही, म्हणून याचा विचारही कुणी केला नाही.

खोकं कसं चालतं ते थोडं सांगायला हवं, कारण घोळ तिथेच आहे. गळ्यातलं बटण दाबलं की ८६९ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, युरोपात अशा अलार्मसाठी राखलेल्या पट्टीतून खोक्याला संदेश जातो. खोकं लँडलाइनवरून केंद्राचा नंबर फिरवतं. पलीकडच्या संगणकाने ‘बोल’ असा सूर दिला की खोकं आपला कोड सुरांतच सांगतं, फोनची बटणं दाबताना ऐकू येतात तसले सूर. कोड पटला की पडद्यावर बाईंचं नाव, पत्ता, औषधं, किल्ली कुणाकडे आहे, सगळं उघडतं आणि मग स्पीकर चालू होतो. सूर अर्धवट पोचले तर पुढचं काहीच घडत नाही.

तांब्याच्या लाइनवर हे सूर जसेच्या तसे जात. शिवाय त्या तारेत एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून सुमारे ५० व्होल्टची वीज येत असे. घरातली लाइट गेली तरी फोन चालू राहायचा तो यामुळे. आता आवाजाचे तुकडे करून ते राउटरमधून इंटरनेटवर पाठवले जातात. माणसाच्या कानाला एखादा तुकडा हरवला तरी कळत नाही, सुरांची वेळ मोजणाऱ्या यंत्राला कळतं. आणि लाइट गेली की राउटर गेला. ऑफकॉम या दूरसंचार नियामकाची २०१८ सालची सूचना अशी, की लँडलाइनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकाला लाइट गेल्यावर किमान एक तास तरी आपत्कालीन फोन लावता येईल अशी सोय कंपनीने द्यावी. एक तास! नोव्हेंबर २०२१ मधल्या आर्वेन वादळात उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधली हजारो घरं तीन दिवसांहून जास्त काळ अंधारात होती. त्यानंतर, मार्च २०२२ मध्ये, बीटी या मोठ्या फोन कंपनीने आपली डिजिटल फोनची मोहीम काही काळ थांबवली होती.

तांब्याचं जुनं जाळं बंद करायची मुदत आधी डिसेंबर २०२५ होती, ती ३१ जानेवारी २०२७ वर गेली. त्यामागचं एक मोठं कारण हेच अलार्म. सरकारी अंदाजाप्रमाणे ब्रिटनमध्ये सुमारे १८ लाख माणसं ते वापरतात. जुन्या पद्धतीची नवी लाइन तर ५ सप्टेंबर २०२३ पासून देशभर मिळेनाशी झाली आहे. काही ठिकाणी अलार्म गंभीरपणे निकामी झाल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये फोन कंपन्यांनी सरकारसमोर एका सनदेवर सह्या केल्या. टेलिकेअर असलेल्या ग्राहकाकडे चालणारी पर्यायी सोय आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याला नव्या लाइनवर न्यायचं नाही, असं त्यात कबूल केलं आहे. आता हे कबूल करताना एक गोष्ट गृहीत धरली गेली : कोणाकडे टेलिकेअर आहे हे कंपनीला ठाऊक असतं.

काय घडलं

बाईंचा फोनचा करार संपत आला तेव्हा त्यांच्या कंपनीने पत्र पाठवलं, नंतर फोन केला. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. फोनवर ठरलेला प्रश्न विचारला गेला : तुमच्याकडे टेलिकेअर आहे का? बाई म्हणाल्या, नाही. नंतर मी त्यांना विचारलं तेव्हा त्या जरा रागावूनच म्हणाल्या, “मला कसली केअर लागत नाही अजून. माझं मी सगळं करते. माझ्याकडे नुसतं बटण आहे.”

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. सहा वर्षांत त्यांच्यासमोर ‘टेलिकेअर’ हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता. बसवणारा मुलगा ‘पेंडंट’ म्हणाला, केंद्रातली माणसं ‘अलार्म’ म्हणत, मुलगी ‘बटण’ म्हणे. हा शब्द आमच्या फायलींत होता आणि कंपनीच्या प्रश्नावलीत होता. कंपनीच्या नोंदीत मात्र ‘टेलिकेअर : नाही’ असं चढलं.

राउटर पोस्टाने आला. शेजारी भला माणूस. त्याने तो खाली हॉलमध्ये लावला आणि फोनची वायर भिंतीतून काढून राउटरच्या पाठीत खोचली. फोन लागला. वर बेडरूममधलं खोकं मात्र पिपाणीसारखं ओरडायला लागलं. ते भिंतीतल्या जुन्या सॉकेटला होतं आणि त्या सॉकेटमधला प्रवाह गेला होता. खोक्याने आपलं काम चोख केलं. शेजाऱ्याने ते उचलून खाली आणलं, एका सॉकेटचे दोन करणारा अडॅप्टर आणून राउटरला जोडलं. ओरडणं थांबलं, हिरवा दिवा लागला. त्याने बाईंना बटण दाबायला लावलं. केंद्रातून आवाज आला, “काय झालं, सगळं ठीक ना?” दोघांनी ठीक म्हणून सांगितलं. केंद्राने ‘चाचणी यशस्वी’ अशी नोंद केली.

या चाचणीपासून बाई पडेपर्यंतच्या तीन आठवड्यांत काय होतं ते आम्हाला नंतर तंत्रज्ञाने दाखवलं. खोकं ‘लाइन आहे का’ हे तारेतला व्होल्टेज बघून ठरवतं. पूर्वी तो व्होल्टेज एक्स्चेंजमधून यायचा, म्हणून तो असणं म्हणजे लाइन असणं. आता तो हातभरावरचा राउटरच देतो. बाहेरचं इंटरनेट बंद असलं तरी या राउटरच्या पाठीतला व्होल्टेज तसाच राहत होता. हिरवा दिवा खोक्यापासून राउटरपर्यंतच्या त्या हातभर वायरीची ग्वाही देत होता.

एका दुपारी बाई बाथरूममध्ये घसरल्या. बटण दाबलं. खोक्याने नंबर फिरवला, केंद्राने सूर दिला, खोक्याने कोड सांगितला, तो तुटक पोचला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. केंद्राच्या यादीत त्या वेळेचे तीन कॉल आहेत, एकही वीस सेकंदांच्या पुढे नाही. ओळख नसलेले असे मूक कॉल तिथे रोज येतात, बरेचसे विक्रीवाल्यांचे. तरी केंद्रातल्या एका ऑपरेटरने तो नंबर तपासला. तो कुठल्याच ग्राहकाच्या नावावर निघाला नाही, कारण दोन वर्षांपूर्वी कंपनी बदलताना बाईंचा नंबर बदलला होता आणि आमच्याकडे जुनाच होता. सगळं कोडवर चालत असल्यामुळे ते कधी उघडकीला आलं नाही. त्या ऑपरेटरने उलटा फोनही केला. बाईंनी बाथरूमच्या फरशीवर पडल्या पडल्या खालच्या फोनची घंटा ऐकली. नऊ वेळा वाजली म्हणतात. त्यांनी मोजली.

मग त्या शांपूच्या बाटलीने भिंत ठोठावत राहिल्या. शेजारी कामावरून आला तेव्हा अडीच तास होत आले होते. त्याच्याकडे किल्ली होती. हाड मोडलं नव्हतं, पण अंग गार पडलं होतं आणि मोडलेल्या खुब्याच्याच बाजूला कातडी दबून काळीनिळी झाली होती. म्हातारं माणूस तासाभराहून जास्त जमिनीवर पडून राहिलं की पडण्यापेक्षा पडून राहणंच जास्त महागात पडतं : स्नायू मरायला लागतात, मूत्रपिंडावर ताण येतो, कातडी फाटते. बाईंना दोन रात्री इस्पितळात ठेवलं.

पर्याय

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो तेव्हा पहिली मागणी मुलीची होती : जुनी लाइन परत द्या. तिचं म्हणणं समजण्यासारखं होतं, पण एकदा हललेली लाइन परत तांब्यावर आणणं आता जवळपास होत नाही. आणि झालं असतं तरी २०२७ च्या जानेवारीत सगळं पुन्हा करावं लागलं असतं.

खोकं तेच ठेवून राउटरला बॅटरी जोडायची, हा सर्वांत स्वस्त मार्ग. आमच्या वरिष्ठांना तो पटत होता. बॅटरीने लाइट जाण्याचं दुखणं काही तास टळतं, सुरांचं दुखणं तसंच राहतं. मी एवढंच म्हटलं की बाई पडल्या त्या दिवशी लाइट गेलेली नव्हती.

कोठीत सिमवर चालणारी काही खोकी पडून होती. लगेच बसवता आली असती आणि इस्पितळ घरी सोडायची घाई करत होतं. मोह झाला हे कबूल करायला हवं. पण ती नुसत्या २जीवरची होती. २जी आणि ३जी दोन्ही २०३३ पर्यंत बंद करायचं मोबाइल कंपन्यांनी सरकारशी ठरवलं आहे, त्यातलं ३जी आधीच आवरलं गेलं. त्याहून वाईट म्हणजे ही खोकीसुद्धा कोड सुरांतच सांगतात, आणि मोबाइलवरचा आवाज तर दाबून, चेपून पाठवलेला. बाईंच्या घरी जे झालं तेच नव्या डब्यातून झालं असतं. कोठीतला माल संपवायची ही जागा नव्हे, असं मी लिहून दिलं.

गळ्यातच सिम असलेलं, घराबाहेरही चालणारं उपकरण मुलीने सुचवलं. ते रोजच्या रोज चार्ज करावं लागतं. बाई रात्री चार्जिंगला लावून बाथरूमला जाणार, आणि रात्रीचं बाथरूम हीच पडायची जागा. तो पर्याय त्यांनी स्वतःच नाकारला : “जे काढून ठेवावं लागतं ते मी घालणार नाही.”

राहिलं ते पूर्ण डिजिटल खोकं, जे सुरांऐवजी संदेश डेटा म्हणून पाठवतं. त्यातही दोन जाती : नुसतं ४जी सिमवालं, आणि राउटरची वायर व सिम दोन्ही असलेलं. दुसरं महाग, पण एक वाट बंद झाली की दुसरी उरते. इथे एक अडचण आली जी आम्हाला आधी माहीत असायला हवी होती. खोक्याने बोललेली भाषा केंद्राच्या संगणकाला यायला लागते. स्वीडनमधून आलेली स्काइप नावाची एक पद्धत आहे (व्हिडिओ कॉलवाल्या स्काइपशी तिचा काही संबंध नाही), ब्रिटिश मानकातली दुसरी. आमच्या केंद्राला त्या वेळी एकच नीट येत होती, आणि पुरवठादाराच्या यादीतली अर्धी खोकी त्यामुळे बाद झाली.

काय केलं

दुहेरी खोकं मागवलं. यायला पाच दिवस लागणार होते, म्हणून मुलीने तेवढी सुट्टी काढली आणि केंद्राने सकाळ-संध्याकाळ फोन करायचा असं ठरलं.

खोक्यातलं सिम कुठल्याही कंपनीचं नेटवर्क पकडणारं होतं. पण दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीपुढे सिम काय करणार? आम्ही रेंज तीन जागी मोजली. हॉलमध्ये जेमतेम, जिन्याच्या वळणावर येऊन-जाऊन, वरच्या बेडरूमच्या खिडकीत चांगली. खोकं पुन्हा वर गेलं, जिथे ते मुळात होतं. ते बरंच झालं, कारण हॉलमधून त्याचा स्पीकर बाथरूमपर्यंत पोचतच नव्हता. म्हणजे त्या दुपारी कोड पोचला असता तरी बाईंना कुणाचा आवाज ऐकू आला नसता.

चाचणीला मी स्वतः बाथरूमच्या फरशीवर आडवी झाले आणि दार लावून बटण दाबलं. आवाज आला, पण पुसट. स्पीकर वाढवला. टबाजवळ फरशीपर्यंत लोंबणारी, ओढली की बटणासारखंच काम करणारी एक रेडिओ दोरी बसवली, बटण गळ्यात नसेल तेव्हासाठी. मग राउटर बंद करून दाबलं. मग राउटर चालू ठेवून खोक्याची लाइट काढून दाबलं. मग दोन्ही बंद करून. मग दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी, पुन्हा. बाई खुर्चीत बसून बघत होत्या. चौथ्यांदा केंद्रातून “काय मदत हवी?” आलं तेव्हा त्यांनीच खाली वाकून सांगितलं, “ही पोरगी खेळतेय, लक्ष देऊ नका.”

वीज वितरण कंपनीच्या प्राधान्य यादीत त्यांचं नाव घातलं. मोठ्या वादळात मोबाइलचे टॉवरही बंद पडतात, तेव्हा दोन वाटा असलेलं खोकंसुद्धा मुकं होऊ शकतं. हे त्यांना आणि मुलीला स्पष्ट सांगितलं, लिहूनही दिलं.

घराबाहेरचं काम जास्त जड होतं. अलार्म असलेल्यांचे फोन नंबर फोन कंपन्यांना द्यायचे, म्हणजे त्या प्रश्नावर विसंबणार नाहीत, यासाठीचा माहिती-देवाणघेवाणीचा करार आमच्या विधी विभागात चार महिने पडून होता. आक्षेप गोपनीयतेचा. तो अगदीच पोकळ नव्हता : एकटं राहणाऱ्या दुबळ्या माणसांची यादी ही चोरांसाठी सोन्याची खाण आहे. पण द्यायचे होते ते नुसते नंबर, नाव-पत्ता नाही. बाईंचं प्रकरण टेबलावर ठेवल्यावर सही दोन आठवड्यांत झाली. अर्थात आमच्या यादीतले नंबर जुने असतील तर करार करूनही उपयोग नाही, म्हणून आधी प्रत्येकाला फोन करून नंबर तपासायला घेतले. ते काम अजून संपलेलं नाही.

परिणाम

पुढच्या तीन महिन्यांत बाईंनी दोनदा चुकून आणि एकदा खरोखर, चक्कर आली म्हणून, बटण दाबलं. तिन्ही वेळा केंद्राने उचललं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती चौथी नोंद, ज्यात बटण दाबलंच नव्हतं. डिजिटल खोकं दर थोड्या वेळाने ‘मी आहे’ असा संदेश केंद्राला पाठवत असतं. एका सकाळी एक वाट बंद असल्याची सूचना आली : राउटर चालू, सिम गप्प. आमचा माणूस दुपारी गेला तर खिडकीत जिरेनियमची कुंडी होती आणि खोकं कपाटाच्या मागे. तिथे ऊन चांगलं येतं, बाई म्हणाल्या. कुंडी आणि खोकं दोन्ही मावतील अशी फळी त्याने लावून दिली. जुन्या खोक्याचं असं काही झालं असतं तर पुढच्या पडण्यापर्यंत कळलं नसतं.

पैशाचं गणित मात्र बदललं. पूर्वी लाइनचे पैसे बाई भरत होत्या, आता सिमचं मासिक शुल्क कौन्सिलच्या माथी आहे, तेही कायमचं. खोकी एकदाच घ्यायची म्हणून मांडलेल्या अंदाजपत्रकात याला रकाना नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

प्रश्नापासून सुरुवात करते. ‘टेलिकेअर आहे का’ याऐवजी ‘गळ्यात किंवा मनगटावर मदतीचं बटण आहे का’ असं विचारलं असतं तर बाईंनी हो म्हटलं असतं. कंपनीचा प्रश्न बदलणं आमच्या हातात नाही, पण शब्द शिकवणं होतं. आता नव्या फॉर्मवर एक ओळ आहे : ग्राहक याला काय म्हणतात? पत्रं त्याच शब्दात जातात. आतापर्यंत ‘लाल बटण’, ‘लॉकेट’ आणि ‘मुलीला कळवणारं’ असं आलं आहे.

केंद्राच्या यंत्रणेत मूक कॉलना जागा नाही. एकाच नंबरवरून काही मिनिटांत तीन तुटके कॉल म्हणजे विक्रीवाला नव्हे, हे पुढच्या वेळी माणसाला नाही तर संगणकालाच कळावं, असं मी सुचवलं आहे. त्या ऑपरेटरने उलटा फोन केला, तिच्या नियमांपेक्षा जास्तच केलं. कंत्राटात हा बदल बसवायचा तर दर वाढेल असं उत्तर आलं. चर्चा चालू आहे.

चाचणीबद्दल मात्र मला आमचाच दोष दिसतो. शेजाऱ्याने खोकं हलवल्यावर बटण दाबून पाहिलं, केंद्राने ‘यशस्वी’ लिहिलं, आणि खोकं बेडरूममधून हॉलमध्ये का आलं हे कुणी विचारलं नाही. एकदा सूर पोचले म्हणजे दर वेळी पोचतील असं तांब्याच्या लाइनवर म्हणता येत होतं. आमची चाचणीची पद्धत त्याच काळातली होती.

शेवटच्या भेटीत शेजारी फाटकाशी थांबला होता. त्या दिवशी आणखी काय तपासायला हवं होतं, असं त्याने विचारलं. मी त्याला आम्ही नुकतंच छापलेलं कार्ड दिलं : लाइन, राउटर किंवा खोक्याची जागा बदलली तर आधी या नंबरवर कळवा; बाथरूममधून दाबा; राउटर बंद करून दाबा; दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबा. त्याने ते दोनदा वाचलं आणि हे तेव्हा कुठे मिळायचं म्हणून विचारलं. तेव्हा असं कार्ड आमच्याकडे नव्हतंच.